इंदूरहून आणलेलं सीरम

“मॅडम, हीच टेस्ट पुन्हा केली तर उत्तर बदलेल का?”

वैशालीने रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. समोर खुर्ची होती, तरी ती उभीच राहिली. तिला चौथा महिना चालू होता. आधीची दोन गर्भारपणं अर्ध्यावरच संपली होती, म्हणून या वेळी तिच्या डॉक्टर मिश्रा मॅडमनी ‘टॉर्च’ लिहून दिली होती. टॉर्च म्हणजे बाळाला धोका होऊ शकेल अशा काही संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा गट. त्यातलं शेवटचं अक्षर हर्पिसचं.

बाकी सगळं ठीक होतं. हर्पिससमोर मात्र दोनदा ‘पॉझिटिव्ह’ टाइप केलेलं होतं. आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह.

हे नव्वदीच्या दशकातलं. इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ डॉ. सोनींची पॅथॉलॉजी लॅब होती आणि मी तिथे पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरीला होते. परदेशी मशिनं सहज मिळू लागली होती. आमच्याकडेही अशा रक्ततपासण्या करणारा एलायझा रीडर नुकताच आला होता. तो येण्याआधी अशी रक्तं इंदूरला जायची. वैशालीचं रक्तही तिथेच गेलं होतं. रिपोर्ट यायला वेळ लागला, मग घरात चर्चा झाली, आणि रक्त दिल्याला महिना होत आला तेव्हा ती माझ्याकडे पोहोचली.

मी तिला बसवलं आणि घरी कोण काय म्हणतं ते विचारलं. मिश्रा मॅडम म्हणाल्या होत्या की संसर्ग ताजा असेल तर बाळाला धोका आहे, गर्भपाताचा विचार करावा लागेल, वेळ फार नाही. सासूबाई देवळात नवस बोलून आल्या होत्या. नवरा प्रसाद, पॉलिटेक्निकमध्ये लेक्चरर, त्याने कुठल्याशा पुस्तकात हर्पिस शोधलं. तो रोग शरीरसंबंधातून पसरतो असं त्यात लिहिलं होतं. त्याने एकदाच विचारलं, हे कुठून आलं? त्यानंतर तो बोललाच नव्हता.

मी आत जाऊन सोनी सरांना सांगितलं. मशीन आल्यापासून ते रोज त्याच्या काचेवर फुंकर मारून रुमालाने पुसायचे.

“तो रिपीट कर दो. इसमें सोचना क्या है?”

मी म्हटलं, सर, नुसतं रिपीट करून हातात काय येणार? आज रक्त घेतलं आणि पॉझिटिव्ह आलं, तर ती होती तिथेच राहणार. निगेटिव्ह आलं, तर इंदूरचं खरं की आपलं, हा नवा वाद.

इथे थोडं समजावून सांगते. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. आयजीएम ही आधी येणारी तुकडी, आयजीजी मागून येते आणि आयुष्यभर राहते. म्हणून आयजीएम दिसलं की संसर्ग ताजा, असं सगळे धरून चालायचे. हर्पिसमध्ये हे गणित फसवं आहे. जुना विषाणू मधूनच जागा झाला तरी आयजीएम दिसू शकतं. कधी काहीच नसताना, भलत्याच कारणाने, टेस्ट पॉझिटिव्ह येते. आणि वैशालीचा आकडा कट-ऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधल्या रेषेच्या, जेमतेम वर होता.

खरं उत्तर मिळायचा एक रस्ता होता. महिन्यापूर्वीचं रक्त आणि आजचं रक्त एकाच प्लेटवर, एकाच किटने, शेजारी शेजारी तपासायचं. संसर्ग ताजा असेल तर या महिन्यात आयजीजी कितीतरी पटींनी वाढलेलं असणार. जुना असेल तर जिथल्या तिथे. कॉलेजमध्ये हे शिकले होते, पण हातात मशीन असण्याची ही पहिलीच वेळ. मला धीर धरवेना.

पण महिन्यापूर्वीचं रक्त आणायचं कुठून?

मी इंदूरच्या लॅबला फोन लावला. टेस्ट झाल्यावर उरलेलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, बऱ्याच लॅब काही काळ डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. पलीकडच्या माणसाने होल्डवर ठेवलं. बऱ्याच वेळाने परत येऊन तो म्हणाला, है, लेकिन कल सुबह फ्रीझर खाली होगा, पुराना सब फेंकना है।

मी फोन ठेवला आणि पर्स उचलली. वैशाली बाहेर बाकावर बसली होती. तिला म्हटलं, तू घरी जा, मी घेऊन येते.

“मी येते,” ती म्हणाली. “रक्त माझं आहे.”

निघण्याआधी मी तिचं ताजं रक्त घेतलं. मग कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणि जाडं मीठ घेतलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो, हे कुल्फीवाल्याला आणि पॅथॉलॉजिस्टला दोघांनाही माहीत असतं. रुंद तोंडाचा थर्मास भरला, आणि देवास गेटच्या स्टँडवरून आम्ही इंदूरची बस पकडली.

बसमध्ये वैशाली हळूहळू बोलू लागली. ती शाळेत गणित शिकवायची. रिपोर्ट आल्यापासून वर्गात फळ्याकडे तोंड केलं की रडू यायचं, म्हणून ती मुलांना वहीतच गणितं घालत होती. बोलता बोलता म्हणाली की प्रसादचंही तब्येतीचं काही धड नाही, चिंता झाली किंवा ताप आला की त्याच्या ओठावर बारीक फोडांचा घोसच येतो, लग्नाआधीपासून, आणि या महिन्यात तर दोनदा आला.

मी तिच्याकडे वळलेच. तो फोडांचा घोस म्हणजेच बहुतेक वेळा हर्पिस. टाइप वन. लहानपणी कुणी पापा घेतला, उष्टं भांडं तोंडाला लागलं, तरी येतो. अर्ध्याअधिक माणसांच्या अंगात तो निवांत पडून असतो. आणि त्या वेळचे किट टाइप वन आणि टाइप टू यांत फरक करू शकत नव्हते. दोन्हींना नुसतं ‘हर्पिस’ म्हणायचे.

मी तिला तेवढंच सांगितलं. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हेही सांगितलं.  वाटेतलं सांवेर गाव मागे गेल्यावर ती म्हणाली, “म्हणजे मी उगाच स्वतःला तपासत बसले होते.”

इंदूरच्या लॅबचा इनचार्ज तरुण होता आणि नियमाला पक्का. सॅम्पल बाहेर देता येत नाही, म्हणाला. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कशासाठी हवं आहे, सगळं समजावलं. तो म्हणाला, टेस्ट झाल्यावर सीरम लॅबचं होतं.

वैशाली पुढे झाली. आवाज चढवला नाही.

“भैया, कल आप इसे नाली में डालेंगे. मेरा बच्चा रहेगा या नहीं, वो इसी से तय होना है. नाली से पहले मुझे दे दीजिए.”

 तो आत गेला आणि चिमटीत एक छोटी नळी घेऊन आला. तिचं नाव, तारीख, सगळं लेबलवर स्पष्ट होतं. सीरम दगडासारखं गोठलेलं. परतीच्या वाटेवर रेल्वे फाटकाशी बस थांबली तेव्हा थर्मास कधी माझ्या मांडीवर, कधी तिच्या. बर्फाचं पाणी होत होतं, पण नळी गारच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किट उघडलं. एलायझाची प्लेट म्हणजे छोट्या छोट्या वाट्यांचा ट्रे. वाटीत सीरम घालायचं, मग द्रावणं. अँटीबॉडी असेल तर रंग येतो. जितकी जास्त, तितका गडद.

सोनी सर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “एक पेशंट के लिए इतनी वाट्या?” माझ्यासोबत काम करून ते मराठी शब्द असे मध्येच टाकायचे.

मी सांगितलं की नुसतं हो-नाही बघून चालणार नाही. दोन्ही सीरम दर पायरीला निम्मं निम्मं पातळ करत जायचं आणि रंग कुठे संपतो ते बघायचं. वरच्या रांगेत महिन्यापूर्वीची वैशाली, खालच्या रांगेत कालची. ताजा संसर्ग असेल तर खालच्या रांगेचा रंग बराच पुढेपर्यंत जाईल.

सरांनी एप्रन चढवला आणि स्टूल ओढून बसले. वीज जाईल म्हणून जनरेटर आधीच चालू करायला लावला. प्लेट धुण्याचं काम त्यांनी स्वतः केलं. खूप वर्षांनी करत होते, हे दिसत होतं.

शेवटचं द्रावण घातलं. वाट्यांमध्ये पिवळा रंग चढू लागला. पहिल्या दोन वाट्या हळदीसारख्या. पुढच्या जरा फिक्या. आणखी पुढे लिंबाच्या रसासारख्या. मी वाकून बघत होते, सर माझ्या खांद्यावरून. वरच्या रांगेत रंग एका वाटीशी संपला. खालच्या रांगेत बरोबर तिच्याखालच्या वाटीशी.

“अरे वा,” सर हळूच म्हणाले.

मशीनने आकडे छापले. डोळ्यांना दिसलं तेच. आयजीएमसाठी वेगळ्या ठेवलेल्या वाट्याही दोन्ही वेळच्या सारख्याच, कट-ऑफला घासून. महिन्यात काहीच हललं नव्हतं. संसर्ग जुना होता. कधीचा, कुणाकडून, ते कुठल्याही वाटीत लिहिलेलं नव्हतं. पण या गर्भारपणात नव्याने झालेला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

कागद घेऊन मी मिश्रा मॅडमकडे जवळजवळ धावतच गेले. त्यांनी दोन्ही रांगांचे आकडे बोटाने जोडून पाहिले. मग तिसऱ्यांदा टेस्ट करावी का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको. आता टेस्टचं काम नाही, डोळ्यांचं आहे. जुना हर्पिस असलेल्या आईच्या बाळाला खरा धोका बाळंतपणाच्या वेळी जननमार्गावर फोड असतील तरच. तेव्हा तुम्ही नीट तपासा.

त्यांनी केसपेपर ओढला, गर्भपाताची ओळ खोडली आणि पुढच्या महिन्याची तारीख घातली.

संध्याकाळी वैशाली आणि प्रसाद दोघं लॅबमध्ये आले. मी सगळं पुन्हा सांगितलं. प्रसादने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे हे कुणाकडून आलं, ते कळणार नाही?”

“नाही. पण तुमच्या ओठावर येतं ना, ते बहुतेक याच घराण्यातलं आहे.”

त्याचा हात ओठाकडे गेला. तिथे अजून खपली होती.

वैशालीने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही एकदा विचारलंत आणि मग गप्पच बसलात. मला तुमचं गप्प बसणं रिपोर्टपेक्षा जास्त लागलं.”

त्याने हात खाली घेतला. म्हणाला, “चूक झाली.” तिने मान हलवली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पण जाताना स्कूटरवर त्याच्या मागे बसली. येताना ती रिक्षाने आली होती.

दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. एकही फोड नव्हता, बाळंतपण सरळ झालं. सोनी सरांनी लॅबमध्ये खव्याची मावाबाटी वाटली. जणू त्यांच्याच घरी नात झाली होती.

पुढे दोन्ही टाइप वेगळे ओळखणारे किट आले, काम सोपं झालं. तरी रिटेस्टसाठी कुणी रिपोर्ट घेऊन आलं, तर मी आधी विचारते की आकडा कट-ऑफच्या किती वर आहे, रक्त कधी घेतलं होतं, आणि जुनं सीरम अजून कुठे शिल्लक आहे का. आणि शेवटी हेही विचारते की उत्तर पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही काय करणार आणि निगेटिव्ह आलं तर काय. दोन्ही वेळा एकच करणार असतील, तर मी सिरिंज उघडत नाही.