शेवळं की सापकांदा

पन्नाशीला टेकल्यावर आपण कुणावर इतकं जळू, असं गुणाबाईला कधी वाटलं नव्हतं. त्यातून हिरीवर तर नाहीच. वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीत दोघींची घरं समोरासमोर. हिरी लग्न होऊन आली ती आटगाव स्टेशनाजवळच्या गावातून. लहानपणी आईबरोबर फलाटावर करवंदं विकलेली, त्यामुळे हिंदी फाडफाड बोलायची, पण रानात नेली तर कुठली भाजी खायची आणि कुठली ढोरंही तोंडात घेत नाहीत, हे तिला कळत नव्हतं. गुणाबाईनं तिला हाताला धरून डोंगर दाखवला. कोळी, भारंगी, लोत, चाईचा वेल, सगळ्या रानभाज्या. पावसाळ्याच्या तोंडाला पाचोळ्यातून जांभळट कोंब डोकं काढतात ती शेवळं गुणाबाईला उभ्या उभ्या दिसायची. हिरीला वाकून पाचोळा चाळावा लागे. तरी दोघी नेहमी बरोबरच जायच्या.

मग अंजूताई आल्या. कल्याणच्या कॉलेजात शिकवायच्या आणि रविवारी माणसं घेऊन डोंगरात यायच्या, रानातली झाडं ओळखायला. मुरबाडच्या बाजारात हिरी त्यांना भाज्यांची नावं सांगत बसली आणि त्यांनी तिलाच वाट दाखवायला ठरवलं. गुणाबाईला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही भाकऱ्या करा ना आमच्यासाठी."

गुणाबाईनं केल्या. चुलीपुढे बसून तिला बाहेरचं सगळं ऐकू यायचं. हिरीताई, हे काय? हिरीताई, इकडे बघा. हिरी हसवायची, गोष्टी लावून सांगायची. त्यातल्या निम्म्या गोष्टी गुणाबाईच्या सासूनं गुणाबाईला सांगितलेल्या. पुढे लोक रस्त्यावर जीप थांबवून विचारू लागले, हिरीताईंचं घर कुठलं? गुणाबाईच्या अंगणात उभं राहून विचारत आणि ती बोट दाखवायची. अंजूताईंनी हिरीला बूट आणून दिले. हिरी ते उंबऱ्यावर वाळत ठेवायची, नेमके गुणाबाईच्या दारासमोर.

"तुला पण पायजेत काय?" नवऱ्यानं, जैतूनं विचारलं.

"मला काय करायचेत? माझे पाय काय नाजूक हायत?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिचं कालवण खारट झालं.

जूनमध्ये अंजूताईंचा निरोप आला की रविवारी शेवळं बघायला येतोय. शनिवारी सकाळी गुणाबाई एकटीच वर गेली. झऱ्याच्या अंगाला दोघींची नेहमीची जागा होती. तिथली सगळी शेवळं तिनं काढली, बारकी सुद्धा, जी त्या कधीच काढत नसत. घरी आणून पाटीखाली झाकली. जैतूला म्हणाली, यंदा नाय आली चांगली.

रविवारी ती भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या मागून चालली. हिरी पुढे. झऱ्यापाशी पोचल्यावर हिरी थांबली. खाली वाकली, मोडलेल्या देठांकडे पाहिलं, मग वळून एकदा गुणाबाईकडे.

"डुकरांनी खाल्ली वाटतं," ती लोकांना म्हणाली. "चला, वर बघू." मग हळूच म्हणाली, "गुणाबाय, दुसरीकडं कुठं असतील गो?"

"मला काय म्हाईत," गुणाबाई म्हणाली. तिला आणखी एक जागा ठाऊक होती.

हिरी वाट सोडून चढू लागली. माणसं एवढ्या लांबून आलेली, तिला काहीतरी दाखवायचंच होतं. करपाच्या झाडाखाली ओल्या सावलीत चार-पाच कोंब दिसले तशी ती घाईनं ओरडली, "हे बघा, शेवळं!"

ती शेवळं नव्हती. सापकांद्याचे कोंब होते. तेही असेच टोकदार वर येतात, पण देठावर सापाच्या अंगासारखे पट्टे असतात. खाल्ले तर तोंड नि घसा सुजतो. गुणाबाईनं लांबूनच ओळखलं. बोलली नाही. रोशनी नावाच्या एका हसऱ्या मुलीनं दोन कोंब उपटून पिशवीत टाकले, आईला करायला सांगीन म्हणाली. गुणाबाई मागून चालत राहिली. फार दिवसांनी तिला बरं वाटत होतं. चुकू दे. उद्या फोन येईल कल्याणहून, मग कळेल सगळ्यांना, हिरीताईंना किती कळतं ते.

जेवायला सगळे सपाट खडकावर बसले. रोशनीनं पिशवीतून एक कोंब काढला, सोलला, आतला गर नखानं तोडला आणि जिभेकडे नेला. पाटी तिथंच टाकून गुणाबाई धावली. तिनं मुलीचं मनगट धरलं.

"टाक ते! सापकांदा हाय!"

सगळ्यांनी हिरीकडे पाहिलं. हिरीनं कोंब हातात घेतला, उलटा केला. तिचा चेहरा काळवंडला.

"हो. सापकांदाच. चुकले मी," ती म्हणाली. त्यानंतर तिनं दिवसभर एकही गोष्ट सांगितली नाही.

माणसं गेल्यावर उतारावर हिरी थांबली. "झऱ्यावरची तूच काढलीस. देठ पिळून मोडतेस तू. मी वळखत नाय काय?"

"मग तिथंच बोलायचं होतं."

"लोकांसमोर? तुझं नाव सांगू?" हिरीनं विचारलं. "आनि मी सापकांदा दाखवला तवा तू बघितलंस?"

"बघितलं."

"आनि गप ऱ्हायलीस. ती पोर काय तुझी वैरी होती?"

गुणाबाई पाटी सावरत पुढे निघाली. महिनाभर दोघींची दारं समोरासमोर उघडी असायची, पण बोलणं नव्हतं. झाकून ठेवलेली शेवळं सडली. ती गुणाबाईनं उकिरड्यावर नेऊन टाकली.

श्रावणात अंजूताई पुन्हा आल्या आणि चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "मावशी, हिरीताई म्हणतात तुम्ही पुढं चाला. त्यांची नजर कच्ची आहे म्हणतात." गुणाबाईनं दारातून समोर पाहिलं. हिरी पाठमोरी अंगण झाडत होती.

गुणाबाई पुढे चालली. वेल, पान, कंद, ती बोट दाखवायची आणि हिरी मागून समजावून सांगायची. लोक तरीही हिरीभोवतीच घोळका करत. कुणी "हिरीताई किती छान सांगतात" म्हटलं की गुणाबाईला अजून झोंबायचं. मग ती पाय उचलून पुढे निघायची.

एकदा भारंगीपाशी हिरी मागे राहिली होती. कुणीतरी विचारलं, ही कडू नाही लागत? गुणाबाई सांगू लागली, की लग्नानंतर पहिल्यांदा तिनं ती उकडून न पिळताच केली आणि सासरा ताट उचलून कुत्र्यापुढे ठेवून आला, तर कुत्रंही उठून गेलं. लोक पोट धरून हसले. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. हिरी येऊन पोचली तेव्हा तिसरी चालली होती.

परतताना हिरी फुरंगटून म्हणाली, "आज लय बोलत होतीस गो."

"मग? तोंड काय तुला एकटीलाच हाय?"

हिरी तरातरा पुढे गेली. गुणाबाई मात्र सावकाश उतरली. इतका हलका पाय तिचा कित्येक महिन्यांत पडला नव्हता.