पाठीवरचे अर्ज

आमच्या टायपिंगच्या सरांपुढे साक्षात परमेश्वर उभा राहिला असता, तरी सरांनी आधी त्याची नखं तपासली असती आणि मगच नमस्कार केला असता. हे मी उगाच म्हणत नाही. एकदा पंचवटीतल्या एका देवळात चतुर्भुज मूर्तीपुढे हात जोडून ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, ध्यान लागलं. बाहेर आल्यावर चपला सरकवत म्हणाले, "वीस बोटं. कुणी नीट शिकवलं असतं तर काय स्पीड आला असता." देवाला त्याच्या काळात चांगला क्लास मिळाला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

त्यांचा स्वतःचा क्लास भांडी बाजारात, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खाली पातेल्यांचा खणखणाट आणि वर सोळा टाइपरायटरांचा खडखडाट, त्यामुळे आम्ही क्लासची मुलं घरीसुद्धा ओरडूनच बोलायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशकात टेबलखुर्चीची नोकरी हवी असेल, तर मिनिटाला तीस शब्दांचा सरकारी दाखला लागायचा, आणि तो मिळवायचा तर सरांच्या दारातून जावं लागायचं. त्या दारालाच सुतळीने एक नेलकटर बांधलेलं होतं. नखं वाढलेली दिसली की सर म्हणत, "पंजा घेऊन आलास. घरी जा, माणसाचे हात घेऊन ये." आत गेल्यावर हातांवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं जाई, म्हणजे बोटं कुठे पडतायत ते दिसायला नको. "डोळ्यांनी टाइप करायचं असतं तर पापण्यांना बोटं फुटली असती," असं त्यांचं शास्त्र. सोळाही यंत्रांना नंबर होते आणि स्वभावही होते. चार नंबर पित्तप्रकृतीचं, त्याच्याशी गोडीत घ्यायचं. नऊ नंबरला वेलांटीचा कंटाळा, त्याला जरा जोरात सांगायचं. तास संपल्यावर यंत्राला रेक्झिनचं पांघरूण घातल्याशिवाय कुणी जिना उतरायचा नाही.

सगळ्यांत कडक नियम घंटीचा. टाइपरायटरवर ओळ संपत आली की बारीक घंटी वाजते आणि डाव्या हाताने दांडी ढकलून गाडी परत पहिल्या जागी न्यावी लागते. सर सांगायचे, "घंटी वाजली की डावा हात गेलाच पाहिजे. विचार नंतर." हे आमच्या हाडांत इतकं मुरलं की एकदा सिटी बसमध्ये कंडक्टरने घंटी मारली आणि माझ्या डाव्या हाताने शेजारच्या गृहस्थांची टोपी पार खिडकीबाहेर ढकलली. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपीबद्दल काहीच विचारलं नाही. "मनगट सरळ होतं ना?" एवढंच विचारलं.

स्वतः सरांची बोटं कधी थांबत नसत. वड्याच्या बशीवर, स्कूटरच्या हँडलवर, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीच्या कडेला, जिथे म्हणून टेकतील तिथे ती काही ना काही टाइप करत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला चहा देताना तक्रार करायच्या, "झोपेतसुद्धा ह्यांचं चालूच. परवा माझ्या पाठीवर आख्खा बदलीचा अर्ज टाइप केला. मंजूर झाला की नाही कोण जाणे." सर चहात बघत म्हणायचे, "अर्ज नव्हता तो." मग काय होतं, ते मात्र सांगायचे नाहीत.

सकाळी ते लाल पेन घेऊन वर्तमानपत्र वाचत. बातमी काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे, ती कशी जुळवली आहे एवढंच ते बघत. चुकांभोवती लाल वर्तुळं काढून ते कात्रण संपादकांना पोस्टाने पाठवत. वर्षानुवर्षं हा उपक्रम बिनबोभाट चालू होता आणि संपादकांकडून उत्तर येत नव्हतं, यावरून आपलं म्हणणं त्यांना पटलं आहे असं सर समजत होते.

आणि मग आमच्या समोरच कॉम्प्युटरचा क्लास निघाला. काचेचं दार, आत एसी, आणि चपला बाहेर काढून जायचं, देवळात जावं तसं. सर खिडकीत उभे राहून समोरच्या दारातल्या चपला मोजायचे. सोमवारी बावीस जोड, शुक्रवारी एकतीस. आमच्या जिन्यात चार उरले. भंगारवाला येऊन सोळाही यंत्रांकडे मान वाकडी करून बघून गेला आणि किलोचा भाव सांगून गेला. सर त्याला फक्त म्हणाले, "नखं काप." पण त्या दिवशी चार नंबरला पांघरूण घालायचं ते विसरले. मी पहिल्यांदाच त्यांना विसरताना पाहिलं आणि ते पांघरूण मीच घातलं.

उरलेल्या चौघांत मी होतो, तिसाची परीक्षा दोनदा आपटलेला, आणि यमुना होती. यमुना सुरगाण्याकडची, वडिलांची भात-नागलीची थोडी शेती, ती नाशकात सरकारी वसतिगृहात राहायची. बोलायची कमी, पण पुठ्ठ्याच्या खोक्याखाली तिची बोटं मिनिटाला पन्नास शब्द चालायची. वसतिगृहाची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. "नोकरी नाय मिळाली तर आईसंगं दिंडोरीला द्राक्षाच्या बागंत जायचं हाय," असं तिने एकदा सांगितलं, आज वार कोणता ते सांगावं इतक्या साधेपणाने. सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. त्या बोटांत छाटणीची कात्री येणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं, कारण दोन दिवस ते कुणालाच ओरडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी, सर ज्यावर लाल वर्तुळं काढायचे त्याच वर्तमानपत्रात जाहिरात आली. छपाईचं काम कॉम्प्युटरवर जाणार होतं आणि मराठी टायपिंग येणारे ऑपरेटर हवे होते. आता सरांचं कॉम्प्युटरशी हाडवैर. "जिथे चूक पुसता येते तिथे माणूस जपून वागेल कशाला?" हा त्यांचा सवाल भांडी बाजारात सगळ्यांना पाठ होता. पण त्या दुपारी ते जिना उतरले, रस्ता ओलांडला, समोरच्या दारात चपला काढल्या आणि आत गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. बत्तिसावा जोड आमच्या सरांचा होता.

आत काय झालं ते त्या क्लासच्या मालकानेच पुढे सांगितलं. सर मशीनसमोर बसले, म्हणाले, "मराठी लावा," डोळे मिटले आणि बोटं ठेवली. एक ओळ झाली, दोन झाल्या. डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं तर एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मराठीची सगळी अक्षरं टाइपरायटरवरच्याच जागी होती. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा दिसत होता. "अरे, बिऱ्हाड बदललंय फक्त," ते म्हणाले, "माणसं तीच आहेत." मग चौघांना नखं कापायला लावली. मी कालच कापली होती, तरी लावली.

परीक्षा नाशकातल्याच अंबड भागात, वर्तमानपत्राच्या छापखान्यात होती आणि सर स्वतः आम्हा चौघांना घेऊन गेले. कॉम्प्युटर शिकलेले पंधरा-वीस तरुण इस्त्रीचे शर्ट घालून आले होते आणि दोन बोटांनी मराठी शोधत होते. एकाला तर 'ज्ञ' सापडेना, तो शेजाऱ्याला विचारत होता. यमुना बसली आणि पाच मिनिटांत तिने पानभर मजकूर संपवला. संपादक स्वतः उठून तिच्या मागे उभे राहिले. पण तो मजकूर वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात घातला, तेव्हा सगळं पान उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं. मध्येच अर्धी ओळ, मध्येच दोन शब्द. यमुनाने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलं होतं. डाव्या हाताला दांडी सापडली नाही, तेव्हा उजव्या हाताने तिचं काम केलं होतं. कॉम्प्युटर ओळ आपोआप मोडतो, हे आम्हाला सगळ्यांना तिथे संपादकांनी सांगितल्यावरच कळलं.

"स्पीड छान आहे," संपादक म्हणाले, "पण हे सगळं परत जुळवायचं म्हणजे आमचं पान निघायचं नाही." यमुना उठून उभी राहिली. ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं होतं. तेवढ्यात सर पुढे झाले. "चूक तिची नाही, माझी आहे. मी शिकवलेली आहे आणि तिने ती बिनचूक केली आहे. मला पाच मिनिटं द्या."

संपादकांनी त्यांच्या खिशातल्या लाल पेनाकडे पाहिलं. "ती लाल वर्तुळं पाठवणारे तुम्हीच का?"

"होय," सर म्हणाले. "कालच्या पानावर सात होती."

संपादक हसले आणि खुर्ची ओढून बसले. सर यमुनाजवळ वाकले. ज्या माणसाने आयुष्यभर घंटीवर हात हलवायला शिकवलं, तो म्हणाला, "ऐक. या यंत्राला घंटी नाही. म्हणजे थांबायचं नाही. परिच्छेद संपेपर्यंत जगात ओळ नावाची गोष्टच नाही."

"हात आपोआप जातो, सर. लय भ्या वाटतं."

"जाऊ दे हात, पण बोट टेकू नकोस. चूक झाली तर इथे पुसता येते." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला गहिवरून आलं. मी स्वतः त्या परीक्षेत पडणार हे नक्की होतं, तरीही.

यमुना बसली. ओळ संपली की तिची करंगळी उचलली जायची आणि हवेत थांबून परत खाली यायची. पुसायचं बटण तिने एकदाही दाबलं नाही. मजकूर रकान्यात घातला तेव्हा तो घडी घातलेल्या धुतल्या धोतरासारखा सरळ बसला. त्या दिवशी आमच्या चौघांतले तीन लागले. चौथा मी. मला वितरण विभागात घेतलं, तिथे बोटांपेक्षा पाय जास्त लागतात.

पुढची दहा वर्षं आमच्या सरांची. समोरचा मालक आपणहून जिना चढून आला, म्हणाला, "मशीन माझी, बोटं तुमची." सरांनी आधी त्याचे हात पाहिले आणि मग होकार दिला. एसीत पुठ्ठ्याची खोकी गेली, काचेच्या दाराला सुतळीने नेलकटर बांधलं गेलं. बँकांत, कचेऱ्यांत, शाळांत कॉम्प्युटर आले, आणि जिथे कुठे न बघता मराठी टाइप करणारा माणूस दिसे, तिथे तो सरांचा विद्यार्थी निघे. निवृत्तीला आलेले हेडमास्तर कॉम्प्युटरच्या परीक्षेच्या धास्तीने येऊन नखं दाखवत उभे राहत. संपादकांनी सरांना रोज सकाळी अंबडला बोलावून घेतलं, लाल पेनासकट. एक दिवस पानावर एकही वर्तुळ निघालं नाही. त्या दिवशी सरांनी ते कात्रण नेहमीसारखं पाकिटात घातलं आणि पोस्टाने यमुनाला पाठवलं, जी त्यांच्यापासून दोन टेबलं पलीकडे बसायची.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मी भेटायला गेलो, तेव्हा मनाची तयारी करून गेलो होतो. सर खिडकीजवळ बसले होते, शेजारी चार नंबर, पांघरूण घातलेलं. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती, आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून त्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "हो, हो, साखर कमीच घालते ह्याच्या चहात." मी थक्क झालो. ती बोटं वाचता यावीत म्हणून काकूंनी साठी उलटल्यावर टायपिंगचा क्लास लावला होता. यमुना दर रविवारी अंबडहून येऊन त्यांना शिकवायची, खोकं ठेवून. काकूंची नखं अगदी बारीक कापलेली होती.

निघताना जिन्यात मी त्यांना हळूच विचारलं, "काकू, मग आता पाठीवरचा अर्ज वाचता येत असेल."

"येतो ना," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करत आत बघू लागल्या. "अर्ज नव्हताच रे तो. इतकी वर्षं माझंच नाव लिहीत होते."