रिमेन म्हणजे काय

शहाद्याच्या स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीतून दम भरला, "आधी परमानंद व्हय, मंग सूनले लई जाय." सुनेला न्यायचं ते परमनंट झाल्यावरच. परमनंटचा हा परमानंद मी कधी सुधारला नाही; मलाही तसंच वाटत होतं. मागे आई, धाकटा भाऊ आणि हळद जेमतेम उतरलेली कमल. ती बिचारी माझ्याऐवजी एसटीच्या चाकाकडे बघत होती.

गावी राहिलेल्यांनो, ऐंशीच्या दशकातलं सिल्वासा तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. शहराजवळच्या मसाट गावात भाताच्या शेतांत पत्र्याच्या शेड उगवत होत्या आणि प्रत्येक शेडमध्ये निम्मा खानदेश. मी धाग्याच्या कारखान्यात बॉबिनची ट्रॉली ढकलायचो. शेठ गुजराती, शिव्या हिंदी, नोटिसा इंग्रजी. टेम्पररी माणसाचं काळीज नोटीस बोर्डालाच टांगलेलं.

आमचे शिफ्ट इंजिनिअर वैद्यसाहेब नाशिकचे. चहाच्या सुट्टीत मला म्हणाले, "इंग्रजी पाठ करू नकोस, फोड. आत लॅटिन मूळ सापडतं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट आत, एक्स्पोर्ट बाहेर." मी खुळावलोच! ट्रॉलीला ट्रान्सपोर्ट खातं म्हणू लागलो. री म्हणजे मागे किंवा पुन्हा: रिटर्न, रिपीट, रिवाइंड. पण या विद्येनं झोपही उडवली. डिसमिसमधल्या मिसचा अर्थ पाठवणं, टर्मिनेटच्या पोटात शेवट. पूर्वी नुसती भीती वाटायची, आता अर्थासकट वाटू लागली.

मग माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. मॅनेजर एकेकाला आत बोलावत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "यू विल रिमेन," आणि फोन उचलला. मी उभ्या उभ्या शब्द फोडला. री म्हणजे मागे. मेन म्हणजे मुख्य ठिकाण. माझं मुख्य ठिकाण कुठलं? शहादा! संपलं. बाबांना काय सांगू, कमलला काय सांगू, असं पुटपुटत खोलीवर जाऊन ट्रंक भरली आणि ती खांद्यावर घेऊनच वैद्यसाहेबांचा निरोप घ्यायला गेलो.

"कुठे निघाली स्वारी?"

"गावी, साहेब. मला रिमेन केलं."

"मग ट्रंक कशाला, गाढवा? लॅटिनमध्ये मानेरे म्हणजे राहणं! रिमेन, परमनंट, मॅन्शन, सगळी एका आईची लेकरं. बाकीचे गेले, तू राहिलास!"

मी ट्रंकेवरच बसलो. "म्हणजे... परमानंद?"

मी हसतोय की रडतोय ते साहेबांना कळेना. मला तरी कुठे कळत होतं?

परमनंटचा कागद हातात पडला आणि दिवाळीनंतर कमल आली. आमचं मॅन्शन म्हणजे चाळीतली एक खोली. लेक झाल्यावर शेजारची दुसरीही घेतली. आई-बाबांना कितीदा इकडे बोलावलं, पण शेत सोडून ते येईनात. नोटीस बोर्डापुढून जाताना मी मात्र अजून आधी माझं नाव शोधतो.

एकदा लेक इंग्रजीत वजाबाकी घोकत बसली होती. मी ऐटीत म्हणालो, "रिमेन म्हणजे राहणं, बेटा."

"नाही पप्पा, उरणं. पाचातून दोन गेले की तीन रिमेन."

कमलनं लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. गावच्या घरात आम्ही पाचजण होतो. आम्ही दोघं निघालो. इतकी वर्षं मी सगळ्यांना ऐटीत सांगत आलो, की मी राहिलो. तिकडे तिघं उरले होते, ते मी कधी मोजलंच नव्हतं.