एक जूनची जन्मतारीख

निवृत्त झालो तरी माझी मास्तरकी काही सुटली नाही. सिद्धेश्वर धरणाजवळ आम्ही चार शिक्षकांनी मिळून मुलांचं उन्हाळी शिबिर सुरू केलं, तेव्हा बालकामगारांचे नियम वाचायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. मला मात्र वाचताना मजा यायला लागली. चौदा पूर्ण नसलेल्याला कामावर ठेवायचं नाही. त्यापुढच्यांना तीन तासांनी विश्रांती द्यायची, संध्याकाळी सातनंतर काम सांगायचं नाही. पण सुट्टीत घरच्या शेतात लेकराने हात लावला तर चालतं. हे कुणी, कुठं बसून ठरवलं असेल, याचं मला भारी कुतूहल वाटलं.

लहान मुलांचे खेळ घ्यायला मदतनीस हवी होती. जवळच्या तांड्यावरची एक मुलगी विचारायला आली. चुणचुणीत पोरगी, आल्या आल्या तिने रडणारी दोन लेकरं हसवली. तिला हे काम मनापासून हवं होतं, कारण नाही मिळालं तर महिनाभर शिजवलेली हळद उन्हात पसरत बसायचं. मी तिचा शाळेचा दाखला पाहिला. जन्मतारीख एक जून. शिबिर मेअखेरीला संपणार आणि ही दुसऱ्या दिवशी चौदा पूर्ण करणार.

मी नियमावर बोट ठेवलं. तिने शांतपणे विचारलं, "मंग घरच्या हळदीत राबते, ते काम न्हाई का, गुरुजी?"

मी पुन्हा दाखल्यावरच्या तारखेकडे पाहिलं. मला लाज वाटली, कारण शाळेच्या रजिस्टरात ती तारीख मीच लिहिली होती. पहिलीत नाव घालताना सहा वर्षं मोजायला सोपं पडतं म्हणून आम्ही मास्तर मंडळी सरसकट एक जून टाकायचो. अर्धा तांडा एकाच दिवशी जन्मलेला, याचं आम्हालाच हसू यायचं.

संध्याकाळी तांड्यावर गेलो. खरी तारीख कळली तर दाखला दुरुस्त करायची खटपट करता येईल, अशी आशा होती. तिची आई अंगणात हळद गोळा करत होती. पोरगी नेमकी कधी जन्मली, असं मी विचारलं. पोरगी हातातलं काम थांबवून आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

हळद काढणी चालू होती, असं आई म्हणाली. म्हणजे फेब्रुवारी-मार्च, चौदा केव्हाच पूर्ण झाली होती. पण दिवस कोणता, मी पुन्हा विचारलं.

"शाळेत नाव घालाया आल्ते तवा ध्यानात व्हता, गुरुजी," ती म्हणाली. "तुमी इचारलंच न्हाई."