आजोबा खरंच येत होते

आमची ताई, म्हणजे माझी मुलगी, काय काम करते असं कोणी विचारलं, की मी अजूनही अडखळते. "घरूनच असतं, कॉम्प्युटरवर," एवढं सांगून मोकळी होते. "बरंय की, डोळ्यांसमोर असते," लोक म्हणतात. असते खरी. नऊ ते सहा दाराआड, कानांवर हेडफोन, आणि तोंडातून शब्द नाही. तिचं काम बोलायचं नाहीच, ऐकायचं आहे.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एक कंपनी रोज सकाळी आठला फोन करते. पैसे त्यांची परगावची मुलं भरतात. गोड आवाजाची बाई विचारते, "काका, झोप लागली का? गोळी घेतली?" ती बाई म्हणजे मशीन. उत्तरावर शिक्काही मशीनच मारतं: ठीक, तक्रार, मदत हवी, वगैरे. ताईने रेकॉर्डिंग ऐकायचं, चुकलेला शिक्का दुरुस्त करायचा, आणि मशीन कुठे अडलं तर त्याला पुढच्या फोनसाठी वाक्य लिहून द्यायचं. तिला माणसांची नावं दिसत नाहीत, नुसते नंबर. एम.ए. झालेली माझी मुलगी दिवसभर परक्यांचं खोकणं ऐकते.

सत्तेचाळीस नंबरचे आजोबा तिचे लाडके. "घेतली गोळी. तू घेतलीस का? मग मलाच का दम?" असं मशीनला ऐकवायचे, आणि शेवटी "चल, ठेवतो." जेवताना ते आठवून ताई एकटीच हसायची. कोणीतरी हिला हसवतंय, म्हणून मलाही बरं वाटायचं.

एका मंगळवारी ते म्हणाले, "बरं पोरी, येतो मी." मशीनने शिक्का मारला: भेट ठरली. ताईला आधी हसू आलं. निघताना कोणी 'जातो' म्हणतं का? 'येतो'च म्हणतात, मशीनला काय कळणार! मग तिचा चेहरा उतरला. धावत स्वयंपाकघरात आली. "आई, ते रोज 'ठेवतो' म्हणतात. आज निरोप घेतला गं त्यांनी." तिने शिक्का बदलला: तातडीची मदत.

कंपनीने माणूस पाठवला, तर दाराला कुलूप. दुपारी तिच्या साहेबांचा फोन आला, हसतच.

"मॅडम, मशीन बरोबर, तुम्ही चुकलात. आजोबा खरंच आले होते, ऑफिसात. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची पिशवी. वॉचमनला विचारतात, सकाळी फोन करते ती पोरगी कुठे बसते?"

"मग?"

"मग काय, त्याने सांगितलं, अहो, ते मशीन आहे. केळी तिथेच ठेवून परत गेले."

"सर, मी एकदा बोलू त्यांच्याशी?"

"छे, ते नियमात नाही."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा फोन उचलायचे, ऐकून घ्यायचे आणि काही न बोलता ठेवून द्यायचे. ताईचा घास हातातच राहायचा. "त्यांना वाटलं असेल, आपण भिंतीशी बोलत होतो. पण मी ऐकत होते ना गं!"

पाचव्या दिवशी तिने मशीनसाठी वाक्य लिहिलं: "काका, मी ऑफिसात नसते, घरून काम करते. म्हणून भेट झाली नाही. रागावलात?"

मी म्हटलं, "अगं, बोलणार मशीनच. ही फसवणूक नाही का?"

"आवाज मशीनचा. पण त्यातला शब्द न् शब्द माझा आहे, आणि खरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळचं रेकॉर्डिंग तिने मलाही ऐकवलं. आधी खोकला. मग, "असं होय! आधी सांगायचं नाही का, वेडे? केळी त्या वॉचमनच्या घशात गेली!" ताई हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

साहेबांना वाक्य फार आवडलं. गप्प माणूस बोलता झाला ना! आता कोणीही गप्प बसलं, की मशीन तेच वाक्य म्हणतं. शेकडो घरांतून उत्तरं येतात, "घर कुठे गं तुझं?", "रविवारी जेवायलाच ये." ताई ती सगळी ऐकते. हल्ली जेवताना मला काही सांगत नाही.

आजोबांनी मात्र तिला बोलावलं नाही, सरळ पत्ताच सांगितला. दवाखान्यासमोरची गल्ली, दुसरा मजला, बेल बिघडलीय, दार वाजव. ताईने तो कागदावर उतरवून घेतला. मी म्हटलं, "नियम राहू दे बाजूला. जाऊन ये. मी येऊ का सोबत?"

"आणि दारात उभी राहून काय बोलू, आई? त्यांना तो आवाज ओळखीचा आहे. मी तोंड उघडलं, की विचारतील, कोण तुम्ही?"

आज रविवार. तिने सकाळी केस धुतले, निळा ड्रेस घातला, पर्स घेतली. मग खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून पलंगाच्या कडेला बसून राहिली. बारा वाजता बाहेर आली, तेव्हा घरातले कपडे घातलेले होते.