उंबराजवळची शीव

आमचं गाव शहराला इतकं लागून की तिथल्या जिनाचा, म्हणजे कापसाच्या गिरणीचा, भोंगा आमच्या चुलीपाशी ऐकू यायचा. शहर वाढत होतं. म्युनिसिपालटीला आमच्या बाजूची जमीन हवी होती, नाल्याच्याही अलीकडची. लोकल बोर्ड म्हणायचं, खेडी आमची, देणार नाही. शेवटी ठरलं, गावाच्या शिवेपर्यंत शहरानं वाढावं, शिवेच्या आत एक वीटसुद्धा रचू नये. मग दोन्हीकडची माणसं गावात आली. वडील पाटील, म्हणून त्यांनाच विचारलं, "पाटील, तुमची शीव कुठं?"

आता बघा, खरी शीव नाल्याकाठी. पण वाट काट्याची, लग्नात ताटं-समया घेऊन बायांनी तिथवर किती चालायचं? म्हणून नवरदेवाची पूजा अलीकडच्या उंबराखालीच व्हायला लागली होती. वडिलांनी फेटा सारखा केला आणि ऐटीत उंबर दाखवला. "नवरदेव आठेच उतरस, मंग शीव बी आठेच शे!"

शहरवाला हसला. "बघा, पाटलांनी भांडणच मिटवलं."

तिथंच चहा झाला, सह्या झाल्या. वडील खुशीत घरी आले. माय भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"नवरदेव आठे उतरस," ती म्हणाली, "पन मन्हं लेकरू तठे शे."

उंबर आणि नाला यांच्या मधल्या पडीक जागेत गावातली लहान लेकरं पुरायचे. माझा धाकटा भाऊ तिथं होता. अजून चालायलाही लागला नव्हता हो. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माय त्याच्यापाशी दुधाची वाटी ठेवून यायची.

वडील दुसऱ्याच दिवशी बोर्डात गेले. तिथला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "पाटील, तुम्हीच दाखवली ना? आता मी रेघ हलवली तर ते गावठाणही मागतील. तुमचं बाकीचं गाव तरी वाचू द्या." वडील परत आले ते ओट्यावरच बसून राहिले. घरात यायला त्यांना संध्याकाळ झाली.

पुढं तिथं नवीन जिन उभं राहिलं. भिंत नेमकी कुणावरून गेली, कुणाला सांगता येईना.

माझं लग्न ठरलं. नवरदेव उंबराखाली उतरला. मायनं त्याचे पाय दुधापाण्यानं धुतले, कुंकू लावलं, हसलीसुद्धा. मग तांब्यात उरलेलं दूध घेऊन ती तशीच पुढं निघाली, नव्या लुगड्यात, एकटी. वऱ्हाडी विचारू लागले, "विहीणबाई कुठं चालल्या?" वाजंत्री वाजतच होती.

तिनं जिनाच्या भिंतीच्या बुडाशी दूध ओतलं. थोडं इकडं, थोडं तिकडं, पार कोपऱ्यापर्यंत. नेमकी जागा माहीत नव्हती ना.

वडील फेटा हातात घेऊन उंबराखाली उभे होते. माय परत येईपर्यंत त्यांनी वरात हलू दिली नाही.