माचा घुसळणारा नूरुद्दीन

नूरुद्दीन परकार बावीस वर्षं कुवेतमधल्या अहमदीतल्या एका ऑफिसात चहा करत होता. दाभोळहून आला तेव्हा तिशीतला होता; साहेब बदलत गेले, तो त्याच पॅन्ट्रीत राहिला. लोक त्याला नावानं कमी आणि ‘चाय’ म्हणूनच जास्त हाक मारत. पुढे ऑफिसचं कंत्राट दुसऱ्याकडे गेलं, तेव्हा एका गाववाल्यानं त्याला हवल्लीतल्या छोट्या चहाच्या दुकानात चिकटवून दिलं.

दुकान एका कुवेती बाईचं. तिथे दूध-साखरेचा चहा नव्हताच. जपानमधल्या एका लहानशा घराण्याचा माचा, म्हणजे चहाच्या पानांची पूड, यायचा, दगडी जात्यावर दळलेला, तासाभरात जेमतेम मूठभर निघणारा. ती हिरवी पूड बघून नूरुद्दीननं बायकोला, शरीफाला, फोनवर सांगितलं की इथली माणसं मेंदी पितात. ती बराच वेळ हसत होती.

मग त्या घराण्याची साठीची सून आठवडाभर कुवेतला आली. एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून तिनं त्याचा हात धरूनच शिकवलं. पूड चाळून घ्यायची, पाणी उकळतं नको, आणि बांबूची बारीक काड्यांची रवी मनगटातून झपझप चालवायची. खांदा हलता कामा नये. तीन दिवस नुसते मोठे बुडबुडे आले. चौथ्या दिवशी साईसारखा फेस धरला. बाईनं वाडगा दोन्ही हातांनी उचलून संपवला आणि त्याच्यापुढे कमरेत वाकली. चहा केला म्हणून त्याच्यापुढे आजवर कोणी वाकलं नव्हतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

चार वर्षं गिऱ्हाईकं त्याचं नाव घेऊन येत राहिली.

गेल्या हिवाळ्यात उजवा अंगठा थरथरू लागला. एसीचा गारठा असेल म्हणून त्यानं तो एप्रनच्या खिशात दडवला. मग कोपर ओट्याला टेकवून रवी चालवू लागला. गल्ल्यावर बसणारी खेडची जवेरिया सगळं बघत होती. एका सकाळी नेहमीच्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेला वाडगा देताना तो हिंदकळला आणि तिच्या पायघोळ अबायावर सांडला. तिनं हसून रुमाल काढला. ते हसणंच त्याला लागलं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, औषधं घेतली तर सावकाश वाढेल, पण जाणार नाही. मालकीण वाईट नव्हती. तिनं विजेवर चालणारी रवी आणून दिली. दोन दिवसांनी त्यानंच ती कपाटात ठेवली. मग तिनं त्याला भांडी धुण्याच्या कामावर घातलं, तर त्याच्या हातून तीन वाडगे फुटले. शेवटी तिनं सांगितलं की जूनमध्ये त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपेल, तो आता वाढवायचा नाही. तोवर जवेरियाला शिकव.

हातानं दाखवणं आता जमत नव्हतं. म्हणून तो तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचा आणि नुसतं ऐकायचा.

“खाली घासतेस,” तो म्हणायचा. “रवी वर घे.”

तीन आठवड्यांनी तिनं त्याच्यासमोर वाडगा ठेवला. त्यानं तो ओट्यावरून न उचलता, वाकून तोंड लावलं. फेस बारीक होता, रंग कोवळा पोपटी, कडवटपणा जिभेवर रेंगाळून गोडसर होणारा. त्यानं पुन्हा एक घोट घेतला.

“चाचा, काय चुकलं का?” जवेरियानं विचारलं.

तो चूकच शोधत होता. एखादी सापडली असती तर बरं झालं असतं.

“नाय,” तो म्हणाला. “काय चुकला नाय.”

ती डोळे पुसत हसली. तो मागच्या बाजूला गेला आणि बराच वेळ माचाच्या डब्यांच्या खोक्यावर बसून राहिला.

शरीफाला त्यानं फोनवर एवढंच कळवलं की आता कायमचा येतोय. ती हरखली. का येतोय ते तिनं विमानतळावर पाहिलं, बॅगेची मूठ त्याच्या हातात ठरेना तेव्हा.

दाभोळच्या घरात चहा आता शरीफा करते. त्याच्या पुढ्यात ठेवते तो कप अर्धाच भरलेला असतो.